बैलांना पट आहे, मोटारसायकलींना नाही

सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्यासंबंधीचा राज्याचा कायदा वैध ठरविला. 2014 च्या बंदीपासून चाललेला वाद त्यामुळे मिटला. पुणे जिल्ह्यातील घाट, सातारा-सांगलीकडील मैदाने आणि विदर्भ-मराठवाड्यातील शंकरपट पुन्हा गजबजले. ही परवानगी अटींवाचून मिळालेली नाही. धाव एक हजार मीटरपेक्षा अधिक असू नये, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी, पशुवैद्याने जनावरे तपासावीत, चाबूक, काठी किंवा विजेचा झटका यांचा वापर करू नये, असे नियम त्यामागे आहेत. त्यांचे पालन किती होते हा निराळा प्रश्न; पण नियम आहेत आणि ते गावच्या यात्रा समितीपर्यंत पोहोचलेले आहेत. बैलाच्या वेगाची व्यवस्था शासनाने अशी लावून दिली. त्याच पटाच्या कडेला ज्या शेकडो मोटारसायकली उभ्या असतात, त्यांच्या वेगाची व्यवस्था मात्र कोणीच लावलेली नाही.

कन्नड तालुक्यातील पिशोर हे बाजारपेठेचे मोठे गाव. मका, कापूस आणि अद्रक पिकविणाऱ्या या पट्ट्यात घरटी एखादी मोटारसायकल असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ती बव्हंशी हप्त्यांवर घेतलेली असते. सकाळी दुधाची किटली, दुपारी खताची गोणी आणि सायंकाळी घरातला महाविद्यालयीन मुलगा असे तिचे दिवसाचे वेळापत्रक असते. या मुलाच्या मनात एक प्रश्न हमखास असतो : ही गाडी सरळ रस्त्यावर नेमकी किती पळते आणि शेजारच्या मित्राच्या गाडीपुढे ती टिकते काय? प्रश्न अगदी साधा आहे आणि त्यात अनैतिक असे काही नाही. बैलजोडीच्या धन्याच्या मनातही पिढ्यान्‌पिढ्या हाच प्रश्न होता. फरक इतकाच, की धन्याला उत्तर मिळविण्यासाठी पट आहे आणि मुलाला आहे तो सार्वजनिक रस्ता. त्या रस्त्यावर हंगामात अर्ध्या भागात मका वाळत घातलेला असतो, उसाच्या ट्रॉल्या दिव्यावाचून चालतात, वळणावर एसटी थांबते आणि शाळा सुटलेली असते. पिशोरच्या घाटात मार्च 2025 मध्ये उसाचा ट्रक उलटून त्यावरचे मजूर दगावले, ते कोणत्याही शर्यतीमुळे नव्हे. ज्या रस्त्यावर शर्यतीवाचूनही असे घडते तेथे शर्यतीला जागा कोठून असणार?

ज्या क्रीडाप्रकारात या प्रश्नाचे रीतसर उत्तर मिळते त्याला जगात ड्रॅग रेसिंग म्हणतात. नाव परके असले तरी प्रकार मराठी माणसाला अपरिचित नाही. दोन वाहने एका रेघेवर शेजारी शेजारी उभी राहतात, इशारा होतो आणि सरळ पट्टीवर ठरावीक अंतर जो आधी कापेल तो जिंकतो. वळण नाही, फेऱ्या नाहीत. सर्व खेळ काही सेकंदांचा. प्रचलित अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. हा मोटारींचा शंकरपटच होय. शंकरपटातही निकाल सेकंदांच्या हिशेबाने लागतो. शर्यतींच्या मैदानात दात पाहून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात, तसे येथे इंजिनाच्या घनफळावरून पाडतात. साधी दीडशे सीसीची गाडी हे अंतर सुमारे 18 ते 19 सेकंदांत कापते आणि रेघ ओलांडताना तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणूनच या खेळात धावण्याच्या पट्टीइतकेच महत्त्व तिच्यापुढच्या थांबण्याच्या पट्टीला असते. रस्त्यावरच्या शर्यतीत नेमकी तीच नसते. तेथे थांबण्याची पट्टी म्हणजे पुढचे गाव.

अमेरिकेत या खेळाचा उगम ज्या परिस्थितीत झाला ती आपल्या आजच्या परिस्थितीहून फार वेगळी नव्हती. कॅलिफोर्नियातील तरुण 1930 च्या दशकात कोरड्या तलावांच्या पात्रांत गाड्या पळवीत. महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेल्या तरुणांच्या हाती यंत्राचे ज्ञान आले, जुन्या गाड्या स्वस्त झाल्या आणि शर्यती शहरांच्या रस्त्यांवर आल्या. वृत्तपत्रांनी ओरड केली, पोलिसांनी धरपकड केली. 1949 मध्ये गोलेटा येथे आणि 1950 मध्ये सांता अॅना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर या शर्यती रीतसर भरू लागल्या. 1951 मध्ये वॉली पार्क्स या नियतकालिकाच्या संपादकाने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संघटना स्थापन केली आणि तिची पहिली अधिकृत स्पर्धा 1953 मध्ये पोमोना येथील जत्रेच्या मैदानाच्या वाहनतळावर झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या आरंभीच्या काळात संघटनेने पोलिसांना विरोधक न मानता सोबती केले. रस्त्यावरची शर्यत तेथे आजही पूर्णपणे थांबलेली नाही. परंतु ज्याला खरोखर शर्यतच करावयाची आहे त्याला सबब उरली नाही, हे त्या व्यवस्थेचे यश मानावे लागेल.

भारताला हा इतिहास अगदीच अज्ञात आहे असे नाही. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धकाळातील धावपट्टीवर 1950 च्या दशकापासून मोटारींच्या शर्यती भरत. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतंत्र मार्ग बांधला, तो 1990 मध्ये खुला झाला. मोटारसायकलींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा तेथे झालेली आहे. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीतील खासगी धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झाल्या. पण त्यांचा थाट महागड्या परदेशी गाड्यांचा. पिशोरच्या मुलाला चेन्नई हजार किलोमीटरहून दूर आणि अॅम्बी व्हॅली त्याहूनही दूर, असे म्हणावे लागते. कारण काही अंतरे किलोमीटरमध्ये मोजता येत नाहीत.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 पासून दुचाक्या बनवितो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची औद्योगिक ओळख बऱ्याच अंशी त्यावर उभी आहे. शेजारच्या अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेचे चाचणीमार्ग आहेत. वाहन बनविणाऱ्याला ते किती वेगाने पळते आणि किती अंतरात थांबते हे पाहण्यासाठी बंदिस्त मार्ग मिळतो. तेच वाहन विकत घेऊन त्याचे हप्ते फेडणाऱ्याला मिळत नाही. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो, पण दुचाकीला त्यावर प्रवेशच नाही. आणि असता तरी महामार्ग हे शर्यतीचे ठिकाण नव्हे.

कायद्याची स्थिती काय आहे? मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 189 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. चालविणारा अल्पवयीन असेल तर त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम 199-अ प्रमाणे पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे आकडे पालकांच्या सभेत एकदा वाचून दाखवावेत असे आहेत. याखेरीज विम्याची बाब. आपल्याकडील वाहन विम्याच्या प्रचलित पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. म्हणजे हप्त्यावरची गाडी शर्यतीत मोडली तर भरपाई मिळण्याची आशा नाही आणि कर्ज मात्र कायम. मुलाच्या अठरा सेकंदांची किंमत घर पुढे दोन-तीन वर्षे फेडीत राहते.

तथापि कलम 189 चा एक भाग सहसा वाचला जात नाही. शर्यत गुन्हा ठरते ती राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून लावली तर. म्हणजे संमतीची वाट कायद्यानेच ठेवलेली आहे. बैलगाड्यांच्या बाबतीत या वाटेवर पायऱ्या बांधल्या गेल्या : अर्ज कोणाकडे करावयाचा, अंतर किती, तपासणी कोणी करावयाची हे ठरले. मोटारसायकलींच्या बाबतीत तितकी सुटसुटीत आणि तालुक्याच्या गावी माहीत असलेली वाट दिसत नाही. परिणामी जो कायदा पाळू इच्छितो तो घरी बसतो आणि जो पाळीत नाही तो रस्त्यावर येतो. निवडीची ही तऱ्हा कोणत्याही धोरणाला शोभणारी नाही.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर रस्त्यावरील शर्यत स्वस्त वाटते, कारण तिचा खर्च दुसरा सोसतो. ज्याची सायकल समोर आली त्याने पाय द्यावा, ज्याच्या दारात गाडी घुसली त्याने ओटा द्यावा, अशी ही वाटणी असते. देशात 2022 या एका वर्षात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 74,897 दुचाकीवरची होती. एकूण मृत्यूंपैकी 71.2 टक्क्यांचे कारण अतिवेग असे सरकारी अहवालात नोंदले आहे. अतिवेग म्हणजे शर्यत नव्हे, आणि या आकड्यांवरून शर्यतीत किती मेले हे काढता येत नाही. पण वेग हीच ज्या रस्त्यांची मुख्य व्याधी आहे तेथे वेगाची हौस आणखी ओतू नये, एवढे तरी त्यावरून म्हणता येईल. बंदिस्त पट्टीवर खर्चाची ही चोरटी वाटणी बंद होते. प्रवेशशुल्क, हेल्मेट, रुग्णवाहिका, विमा हे सारे ज्याची हौस त्याच्याच खिशातून जाते.

मग हौशी माणसाला हा खेळ परवडतो काय? येथे अमेरिकेतील एक पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात या खेळाचे खरे शहाणपण आहे. तिला ब्रॅकेट रेसिंग म्हणतात. सरावाच्या फेऱ्यांनंतर प्रत्येक स्पर्धकाने आपली गाडी किती सेकंदांत अंतर कापील ते स्वतःच जाहीर करावयाचे असते. समजा एकाने 18.50 सेकंद सांगितले आणि दुसऱ्याने 16.00. तर पहिल्याला हिरवा दिवा अडीच सेकंद आधी मिळतो. दोघेही आपल्या शब्दाप्रमाणे धावले तर शेवटच्या रेघेवर एकाच वेळी पोहोचतील. अशा स्थितीत जिंकतो तो ज्याने दिवा पाहताच क्षणाचा विलंब न लावता गाडी सोडली आणि जो आपल्या सांगितलेल्या वेळेच्या अधिक जवळ राहिला. आता कोणी म्हणेल, वेळ मुद्दाम जास्त सांगावी आणि लवकर सुटून जिंकावे. तर तसे चालत नाही; जो सांगितलेल्या वेळेपेक्षा जलद धावला तो बाद होतो, आणि दोघेही तसे धावले तर ज्याने शब्द अधिक मोडला तो हरतो. वेळ कमी सांगितली तर दिवा उशिरा मिळतो. थोडक्यात, बढाई मारणाऱ्याचेही नुकसान आणि खोटी नम्रता दाखविणाऱ्याचेही. चलाख माणूस वेळ वाढवून सांगून शेवटच्या रेघेपाशी ब्रेक दाबतो, हेही तेथे चालते. पण त्यासाठी शेजाऱ्यावर आणि आपल्या वेगावर एकाच वेळी नजर ठेवावी लागते, आणि त्यात चुकणारेच अधिक.

खरे बोलण्यातच ज्याचे हित आहे अशी नियमरचना करणे ही अर्थशास्त्रातील अवघड विद्या आहे. 2007 चे नोबेल पारितोषिक हर्विच, मास्किन आणि मायर्सन यांना याच शाखेतील कार्यासाठी मिळाले. पट्टीवरच्या मेकॅनिक मंडळींनी तिचा एक नमुना ग्रंथ न वाचताच सिद्ध केला, याचे कौतुक वाटते. आणखी एक परिणाम त्याहून महत्त्वाचा. या पद्धतीत वडिलांची जुनी शंभर सीसीची गाडी घेऊन आलेला मुलगा लाखोंची गाडी आणणाऱ्याला बरोबरीच्या नात्याने हरवू शकतो. पैसा ओतून वेग विकत घेण्याला अर्थ राहत नाही. सायलेन्सर काढून कर्कश आवाज करण्याला तर मुळीच नाही. हाती येते ते आपल्या यंत्राचे ज्ञान आणि पुन्हा पुन्हा एकसारखे करण्याची शिस्त. आपल्याकडील स्पर्धा मुख्यत्वे घनफळाच्या गटांत होतात, आणि तेथे जो अधिक खर्च करील त्याचे पारडे जड राहते. जिल्ह्याच्या पातळीवर आरंभ करावयाचा तर तो ब्रॅकेट पद्धतीनेच करावा.

आरंभ करणाऱ्याने काय करावे याविषयी तरुणांत नाना समजुती असतात. बहुतेकांना वाटते, आधी इंजिन ‘बोअर’ करून घ्यावे, स्प्रॉकेट बदलावे, वजन कमी करावे. हे उलटे आहे. नवख्याने कंपनीतून आली तशीच गाडी आणावी. ब्रेक, टायर, चेन नीट आहेत, तेल गळत नाही, थ्रॉटल सोडताच मागे येतो एवढे तपासावे. सुटे काही गाडीवर ठेवू नये. तोंड झाकणारे हेल्मेट, हातमोजे, जाड जाकीट आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट यांवर तडजोड नाही. पहिली एक-दोन आयोजने तर नुसती पाहावीत, शक्य झाल्यास स्वयंसेवक म्हणून रेघेपाशी उभे राहावे. घड्याळ कसे चालते ते तेथे कळते. पुष्कळांना हे ठाऊक नसते, की गाडीची वेळ मोजावयास सुरुवात होते ती दिवा लागल्यावर नव्हे, तर चाक रेघेवरून हलल्यावर. त्यामुळे जलद धावूनही, दिव्याकडे लक्ष नसल्याने हरणारे असतात. आणि दिव्याच्या आधी हलले तर फेरी तेथेच संपते. क्लच एकदम सोडला की मागचे चाक फिरते नाहीतर पुढचे उचलते, दोन्हींत वेळ जातो. पहिल्या मोसमात जिंकण्याचा विचार सोडून लागोपाठ तीन फेऱ्या एकाच वेळेत, दशांश सेकंदाच्या फरकाने धावता येतात काय, एवढेच पाहिले तरी पुष्कळ.

यावर आक्षेप येणारच. पहिला असा, की पट्टी दिल्याने वेगाचे वेड वाढेल. हा आक्षेप क्षुल्लक नाही. गर्दीपुढे मिरविण्यासाठी महाविद्यालयाच्या फाटकाशी गाडी उडविणारा मुलगा हेल्मेट घालून रांगेत उभा राहण्यासाठी पट्टीवर येणार नाही. त्याच्यासाठी पोलीसच हवेत. पट्टी आहे म्हणून कारवाई सैल करावी असे तर मुळीच नव्हे, ती अधिक कडक करता यावी म्हणून पट्टी हवी. दुसरा आक्षेप, पट्टीवरही माणसे मरतात. खरे आहे. जून 2008 मध्ये अमेरिकेत स्कॉट कॅलिटा हा नामवंत चालक इंग्लिशटाउनच्या पट्टीवर थांबण्याच्या जागेपलीकडे जाऊन ठार झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच सर्वांत वेगवान गटांसाठी अंतर पाव मैलावरून एक हजार फुटांवर आणले गेले. पट्टी आणि रस्ता यांतील भेद येथे दिसतो : पट्टीवरील मृत्यूला उत्तर देण्यासाठी कोणीतरी बांधलेला असतो. तिसरी भीती पैजांची. ती बैलगाड्यांच्या मैदानालाही चुकलेली नाही, आणि तिला उपाय जुगारबंदीच्या कायद्यात आहे.

राहता राहिला जागेचा प्रश्न. शासनाने कोट्यवधींचा मार्ग बांधावा अशी मागणी येथे नाही. दुष्काळ आणि पीकविम्याच्या रांगा असलेल्या जिल्ह्यात तशी मागणी करणे शोभणारही नाही. शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीत रुंद, सरळ रस्ते आहेत. त्यांतील एखादा, ज्याच्या बाजूचे भूखंड अजून मोकळे आहेत असा, महिन्यातून एका रविवारी सकाळी चार तास दोन्ही टोकांनी बंद करता येण्याजोगा आहे. चारशे मीटर धाव, तिच्या दुपटीइतकी थांबण्याची जागा, दोन्ही बाजूंना कठडे, घड्याळ, दिव्यांचा खांब, दोन रुग्णवाहिका. वाहन कारखान्यांना सामाजिक दायित्वाच्या निधीतून घड्याळ आणि दिवे देणे जड नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, गाड्यांची तपासणी प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाकडून, स्पर्धकाचा विमा प्रवेशशुल्कातून. अठरा वर्षांखालील आणि परवाना नसलेला कोणीही रेघेपर्यंत येता कामा नये.

पिशोरकरांना वाटेल, मग ही पट्टी आमच्याच माळावर का नको? नको, याचे कारण एकच. पडलेल्या मुलाला तासाभराच्या आत जेथे नेता येईल असे मोठे रुग्णालय जिल्ह्यात शहरातच आहे, आणि बिडकीन किंवा शेंद्र्याहून घाटी रुग्णालय जवळ पडते. पिशोरच्या मुलाला त्यासाठी पन्नास-साठ किलोमीटर यावे लागेल. गाडी टेम्पोत टाकून आणावी आणि टेम्पोतच परत न्यावी, अशी अट पहिल्या दिवसापासून घालणे बरे. जिंकलेला मुलगा फुलंब्रीच्या रस्त्याने घरी कसा जाईल हे सांगता येत नाही. चार मित्रांनी भाडे वाटून घेतले तर ते अवघड नाही. शंकरपटाला जाणारी बैलजोडीही टेम्पोतूनच जाते.